मागची पुडी

सर्व्हर सुरू होताच आ-शुनने डिलीटचं बटण दणादण दाबलं. निळा पडदा उघडला. जागं झाल्यावर यंत्राने आधी कुणाकडे बघायचं, ते इथे ठरतं. आतली डिस्क मेली होती आणि चांगह्वा शहरातला तो सायकलच्या साखळ्यांचा कारखाना सकाळपासून हातावर हात धरून बसला होता. पहिला नंबर द्यायचा होता पेन ड्राइव्हला. हा ड्राइव्ह नवा. मात्सू देवीच्या देवळातला लाल दोरा बांधलेला त्याचा जुना ड्राइव्ह दोन वर्षांपूर्वीच कुठेतरी हरवला होता.

बायकोचा, पेइ-यूचा, दोनदा फोन येऊन गेला. ल्याओ उस्तादांचा अंत्यविधी दहाला होता. सर्व्हर पडलाय, कसा येऊ, असं त्याने सांगितलं. खरं तर हे काम कुणीही केलं असतं. त्याला उस्तादांच्या फोटोसमोर उभं राहायचं नव्हतं.

हे सगळं शिकवलं उस्तादांनीच. काम झालं की ड्राइव्ह काढायचा, नंबर परत फिरवायचा, हे ते दिवसातून दहादा बजावायचे. आणि स्वतःच विसरले. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वीज गेली, आली, आणि सर्व्हर त्या विसरलेल्या ड्राइव्हकडे बघत ताटकळत राहिला. सोमवारी अर्धा दिवस कारखाना बंद.

"ड्राइव्ह माझा होता," उस्ताद साहेबांना म्हणाले.

"दुसऱ्यांना शिकवता शिकवता स्वतःच विसरलात होय, उस्ताद?" आ-शुन सगळ्यांदेखत बोलून गेला. सगळे हसले. उस्तादही हसले. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं आणि त्यांची खुर्ची आ-शुनला मिळाली. त्यानंतर त्याने त्यांना तोंड दाखवलं नाही.

पुढचं भोक सैल झालं होतं. ड्राइव्ह लावायला त्याने सर्व्हरच्या मागे हात घातला. हाताला काहीतरी कुरकुरलं. खाऊची हिरवी पुडी. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे प्रत्येक यंत्रावर अशी पुडी ठेवतात, वर आपलं मागणं लिहितात, आणि तारीख उलटायच्या आत बदलतात. समोरची पुडी आ-शुन न चुकता बदलायचा. मागे आणखी एक आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तारीख कधीच उलटून गेली होती. उगाच नाही बिघडला, असं पुटपुटत त्याने ती ओढून काढली.

पुडीच्या पाठीला चिकटपट्टीने एक ड्राइव्ह चिकटवलेला होता. त्याला लाल दोरा होता.

आ-शुन तिथेच फरशीवर बसला. वीज गेली त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, सर्व्हरला शेवटचा हात त्याचाच लागला होता. सोमवारी सर्व्हरच्या खोलीचं दार सगळ्यांत आधी उघडलं होतं उस्तादांनी. त्याला रडू आवरेना. घड्याळात पावणेअकरा वाजून गेले होते.

पुडीवर हाताने त्या सोमवारची तारीख लिहिली होती आणि खाली उस्तादांचं अक्षर: "आ-शुन नवा आहे. घरी बाळ यायचंय. त्याच्याशी नीट वाग. मी काय, आज ना उद्या जाणारच होतो."