आंबोणाची बादली

बेबी नऊच्या गाडीनं येणार होती, म्हणून ताईनं सातलाच आंबोणाची बादली उचलली आणि शेजारच्या कंपाउंडरकाकांच्या मागच्या ओट्यावर नेऊन ठेवली. गहू आणि मक्याचे भरडलेले दाणे तीन दिवस पाण्यात आंबले होते. वर चांगला फेस धरला होता. एरवी याच वेळी कोंबड्यांच्या पुढ्यात पडायचं ते.

"आजचा दिवस फक्त," ती म्हणाली.

काका ऐंशीच्या पुढचे. जन्मभर दवाखान्यात औषधं कालवलेली, त्यामुळे वासाचं त्यांना काही वाटत नव्हतं. "ठेव की. पण सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं? तीही याच वासात वाढली ना?"

"म्हणूनच," ताई म्हणाली, आणि घरी येऊन तिनं मागचं अंगण फिनेलनं धुऊन काढलं.

बेबी आली. वय बावन्न, पण धाकटी म्हणून नाव अजून बेबीच. एका मोठ्या हॉटेलात ती लाँड्रीची मुख्य होती. एवढा प्रवास करूनही कपड्यांची इस्त्री मोडली नव्हती. आई गेल्यानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदाच ती या घरात पाऊल टाकत होती. ताईनं लायब्ररीची शिवायला आलेली फाटकी पुस्तकं भिंतीकडे सरकवून तिला जागा केली. चहा दिला. दोघी गाडीच्या गर्दीबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मग बोलायचं संपलं. मागं कोंबड्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

"का गं ओरडताहेत एवढ्या?"

"खोडच आहे त्यांना. नवं माणूस दिसलं की अंगात येतं मेल्यांच्या."

बेबी उठून मागच्या दारात गेली. सात कोंबड्या जाळीला चिकटून उभ्या होत्या. परातीतल्या कोरड्या गव्हाला एकीनंही तोंड लावलं नव्हतं. बेबीनं खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"ताई, वास येत नाही."

"फिनेल मारलंय."

"आंबोण कुठंय?"

"बंद केलं. एवढं कोण करत बसतं आता?"

ताईला वाटलं, ही सुटकेचा निःश्वास टाकेल. पण बेबी उंबऱ्यातच उभी राहिली.

"आईचं पाणी होतं त्यात," ती म्हणाली.

ते खरं होतं. आई दर वेळी जुनं आंबट पाणी तळाशी राखायची आणि त्यातच नवे दाणे भिजवायची, विरजणासारखं. ती गेल्यावर ताईनं एकदाही ते मोडू दिलं नव्हतं.

"तेही ओतून दिलंस?" बेबीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

ताईला पुढं खोटं रेटता येईना. "नाही गं. काकांच्या ओट्यावर आहे बादली."

"तिथं कशाला?"

"तुला चालायचं नाही म्हणून. नववीत असताना तू तुझ्या वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीला फाटकातूनच परत पाठवलं होतंस. मी खिडकीत होते. ती नाकाला रुमाल लावून गेली."

बेबी दारातून मागं वळली. "मी तिला काय सांगितलं, ते ऐकलं होतंस?"

"नाही."

"सांगितलं, हा वास आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती भिंतीला टेकली. "मग जा, बघून ये. आज खरं झालंय ते."

दोघी काकांकडे गेल्या. काका ओट्यावरच पेपर वाचत बसले होते.

"न्या बायांनो लवकर. सकाळपासून तीन माणसं विचारून गेली, काय सडलंय म्हणून."

"मग काय सांगितलंत?" बेबीनं विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, आमचं नाही, शेजाऱ्यांचं आहे."

आता बेबीही हसली. हसता हसताच तिनं बादलीची कडी धरली. ताई म्हणाली, मी घेते, तुझे कपडे खराब होतील. बेबीनं दिली नाही. मागच्या बोळातून चार पावलांवर घर होतं, पण ती पुढच्या रस्त्यानं निघाली, दुकानांवरून, माणसांमधून. बादली जड होती. प्रत्येक पावलाला थोडं पाणी हिंदकळून तिच्या कपड्यांवर उडत होतं. दोघातिघांनी मान वळवून पाहिलं. ताई दोन पावलं मागून, आपलीच चोरी उघडी पडल्यासारखी, चालत राहिली.

अंगणात बेबीनं बाही वर सरकवली आणि कोपरापर्यंत हात घालून आंबोण ढवळलं. मुठी भरभरून परातीत टाकलं. ओरडा एका क्षणात थांबला. पत्र्यावर चोचींची टकटक तेवढी राहिली. दोघी ती ऐकत पायरीवर बसल्या.

थोड्या वेळानं बेबी उठली. बादलीच्या तळाशी राहिलेलं पाणी तिनं हलवून पाहिलं आणि डब्यातले कोरडे दाणे त्यात ओतले. ताई तांब्या भरून घेऊन आली.

"दाण्यांच्या वर तीन बोटं ना?" बेबीनं विचारलं, आणि पाण्याची पातळी मोजायला बोटं आडवी धरली.

ताईनं वाकून पाहिलं. "आईची तीन," ती म्हणाली. "तुझी बारीक आहेत. तू चार धर."

बेबीनं चौथं बोट जोडलं. ताई हळूहळू पाणी ओतू लागली.