बर्फाच्या पाण्यातला हात

"अठराच सेकंद, आजी? मागच्या महिन्यात पूर्ण मिनिटभर ठेवला होतात."

बर्फाच्या पाण्यातून काढलेला हात मी पदरात गुंडाळला. माझ्या खांदेदुखीसाठी, दुखणं किती सोसवतं याची ही तपासणी चालली होती, पण माझे कान दाराबाहेर होते. थोरल्या जाऊबाई आपल्या गाठीचा रिपोर्ट आणायला खालच्या मजल्यावर गेल्या होत्या. "तू नको येऊस, तुझा चेहरा बघूनच मी आजारी पडेन," असं बजावून.

"कसली तरी काळजी लागलीय तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा वेळी मेंदू न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं सोडतो. त्यातली काही दुखणं वाढवतात, काही शमवतात. पुन्हा बघू या?"

मी हात बुडवला. हाडापर्यंत सुया टोचू लागल्या. बावन्न वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात भांडलो. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी ओरडायला बंदी केली, तेव्हा जाऊबाईंनीच आपला दंड पुढे केला होता. "चाव याला," म्हणाल्या होत्या.

दार उघडलं. "साधी गाठ निघाली, सिंधे! अजून वीस वर्षं तुझ्या आमटीला नावं ठेवणार मी."

"मीठ तुम्हीच नंतर टाकता, मला माहितेय!" मी म्हणाले. मग आमची आमटीवरून चांगलीच जुंपली.

"आजी, हात काढा! तीन मिनिटं झाली!"

मला कळलंच नव्हतं. जाऊबाईंनी लालभडक झालेला हात ओढून घेतला आणि चोळता चोळता खेकसल्या, "अक्कल आहे का तुला?"

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.