सातही मासे

नणंदेने दिलेला जुना फिश टँक मी गॅलरीत घासत होते. काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने सुटायला लागले होते, तेवढ्यात सासूबाई साबणाच्या पावडरचा डबा घेऊन आल्या.

"असल्या आंबट पाण्याने काय निघणार? सरक."

"साबण नको, आई. कितीही धुतलं तरी सांध्यांत थोडा राहतोच. त्याने मासे मरतात."

"मला शिकवतेस? लग्न होऊन तू घरात आलीस आणि चार दिवसांत माझे सातही मासे मेले. पायगुण म्हणतात त्याला."

अकरा वर्षं हे वाक्य मी आल्यागेल्यासमोर खाली मान घालून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा विचारलं, "तेव्हा टाकी कोणी धुतली होती?"

"मीच! सून येणार म्हणून साबणाने चांगली लख्ख घासली होती. दोनदा."

बोलता बोलता त्यांची नजर हातातल्या डब्यावर गेली. मग डबा पदराआड धरून त्या आत गेल्या.

मी टाकी चारदा धुतली, गळते का ते बघायला दिवसभर भरून ठेवली आणि मगच मासे आणायच्या तयारीला लागले.

महिन्याभराने शेजारच्या ढवळेकाकू चहाला आल्या. "मासे मस्त जगलेत हो!"

"जगणारच," सासूबाई म्हणाल्या. "या वेळी हिला टाकीला हातच लावू दिला नाही मी."

मी काकूंना चहा दिला. सासूबाईंच्या पुढ्यात कपाऐवजी साबणाचा डबा ठेवला.