शतावरीवरचा फवारा

बसा भाऊ, माह्या हुशारीची गोष्ट सांगतो. माह्या बायकोनं, मैनाबाईनं, अंगणात शतावरीचा वेल लावला होता. रोज सकाळी कोवळ्या फुटव्यावरच्या अळ्या हातानं वेचे अन् साबणाच्या पाण्यात टाके. मी हासो. "अवो, एवढ्या वेळात मी एकरभर कापसाची पऱ्हाटी फवारतो."

"फवारा तुमची पऱ्हाटी. माह्या वेलाले हात लावू नका."

आमची पोरगी आचल पहिल्या बाळंतपणाले येणार होती. मैनाबाई तिले आणाले अचलपूरले गेली. म्हटलं, आली की खूश होईन. पंपात पऱ्हाटीचं औषध उरलंच होतं, मारलं वेलावर. एक अळी राह्यली नाही.

मायलेकी आल्या. मैनाबाईनं हातपाय धुतले अन् खोदाले सब्बल मागितली. "मुळ्या काढतो. पोरीच्या दुधासाठी वाळवून ठेवा लागतीन."

मले सांगाच लागलं.

तिनं सब्बल भिंतीले टेकवली. "तुमाले कधी वाटलं नाही का, मी काहून हातानं वेचून राहिली?"

भाऊ, तुमच्या घरी बिना फवारलेली शतावरी असन तर चार मुळ्या द्या. अन् तुमीच मैनाबाईच्या हातात नेऊन द्या. माह्या हातून ते घेणार नाही.