धुतलेले पाय

चपलांच्या दुकानात शिरताना शांतवनरावांनी आधी चौफेर नजर टाकली. आपले पाळकसाहेब सकाळी चार तास इथे नोकरी करतात, हे त्यांना कालच कळलं होतं. शांतवनराव स्वतः चर्चच्या पंचांपैकी एक. मनात लगेच पाल चुकचुकली. पगार पुरत नसेल, कबूल. पण उद्या कुणी बोंब मारली की पाळक गिऱ्हाइकांना बाटवतो, तर निस्तरायचं कुणी?

ते कोपऱ्यातल्या बाकावर टेकले. समोर पाळकसाहेबांनी झाडूवाल्या बाईचा भेगाळलेला, धुळीने माखलेला पाय चक्क मांडीवर घेतला होता. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ते चर्चमध्ये पंचांचे पाय धुतात, ती गोष्ट वेगळी. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, तिथे त्याची आठवण असते. इथे काय? पाळकसाहेबांचे ओठ हलले, तसे शांतवनरावांनी कान टवकारले.

"मावशी, अंगठ्याला लागत नाही ना?"

एवढंच! देवाचं नावसुद्धा नाही. बाई नव्या चपला घालून हसत निघून गेली, आणि पाळकसाहेब थेट त्यांच्यासमोर येऊन बसले.

"काका, तुम्ही? द्या पाय."

शांतवनरावांनी पाय झटकन बाकाखाली घेतले. फाटक्या मोज्यातून मळका अंगठा डोकावत होता. "नको नको, पाळकसाहेब. घाण आहेत. घरून धुऊन येतो."

"राहू द्या, काका." पाळकसाहेबांनी त्यांचा पाय अलगद मांडीवर ओढून घेतला. "चर्चमध्ये तुम्ही सगळे पंच साबण लावून, धुऊनच येता. मग मी धुवायचं काय?"