हिला उंचीची भीती वाटते

स्की-लिफ्टच्या उघड्या पाळण्यात बसताच यांनी आमच्या पुढ्यात लोखंडी दांडा ओढला आणि मागच्या पाळण्यातल्या नणंदेला ओरडून सांगितलं, "हिला उंचीची भीती वाटते. मी आहे म्हणून बसली."

ते खरंच होतं. मी डोळे मिटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे दर खांबाला "खाली बघू नकोस" म्हणत मला तारेची ताकद समजावत होते.

मग पाळणा थांबला. खाली कुणी म्हातारं माणूस चढत असावं. पण हेही बोलायचे थांबले. यांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भूल दिली होती, तेव्हाच एवढी शांतता मी अनुभवली होती. काळजीने डोळे उघडले, तर यांचे घट्ट मिटलेले, दांड्यावरची बोटं पांढरी.

"अहो, हात धरा माझा."

सगळ्यांदेखत धरला. मी मग खुशाल खाली पाहिलं. बर्फातले देवदार फार देखणे दिसत होते.

वर पोहोचल्यावर हे नणंदेला म्हणाले, "परत पाळण्यात बसायला ही घाबरेल. आम्ही चालत उतरतो."

मला तर पुन्हा बसायचं होतं.

"हो ना वन्सं," मी म्हटलं, "मला नाही बाई धीर होत," आणि यांच्या बुटांच्या नाड्या आवळायला वाकले.