सात वाट्या

लेहच्या स्टँडवर त्या सकाळी आम्हा सगळ्या ड्रायव्हरांचं डिझेल गोठलं होतं. जो तो टाकीखाली स्टोव्ह पेटवून गाडीखाली आडवा झाला होता. आमच्यातल्या ड्रायव्हर पोरीची, चोरोलची, हायड्रोजनवरची नवी बस तेवढी शेकाशिवाय उभी होती. तिचे वडील तुंडुप, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, नळ गोठला म्हणून रिकामी कळशी घेऊन घरी परतत होते. लेकीची बस गार पडलेली बघून त्यांनी माझाच पेटता स्टोव्ह उचलला आणि तिकडे धावले.

"आबा, मागे व्हा! हिला आग दाखवायची नसते!" चोरोल ओरडली.

"मग सुरू कशी होणार? बिनधुराची गाडी म्हणजे बिनमिठाचा लोणी-चहा!"

आम्ही खो खो हसलो. चोरोलने बटण दाबलं. बस मुकाट पुढे सरकून फाटकाशी उभी राहिली, आणि माझ्या गाडीतले प्रवासी बोचकी उचलून तिच्याकडे पळाले.

तुंडुप मात्र बसच्या मागे उकिडवे बसले होते. धुराच्या नळीतून धूर येत नव्हता, हायड्रोजनपासून झालेलं पाणी ठिबकत होतं. त्यांनी बोट ओलं करून हुंगलं, जिभेला लावलं आणि कळशी नळीखाली धरली.

"आबा, निघायचंय मला!"

"थांब गं, सात वाट्यांपुरतं भरू दे. हातांना डिझेलचा वास येतो म्हणून तुझ्या आईने जन्मभर मला बुद्धापुढच्या पाण्याच्या वाट्यांना हात लावू दिला नाही. आज त्या मी माझ्या लेकीच्या गाडीच्या पाण्याने भरणार. बघतोच, कशी अडवते ती!"